चोवीस दिवसांचं गवत

३१ ऑक्टोबर २०१८ ला सरकारने राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले. आमचा पारनेर त्यात होता. यादी आली त्याच आठवड्यात चावडीवर दोनच चौकश्या सुरू झाल्या: टँकर कधी आणि जनावरांची चारा छावणी कधी. जंगलाचं नाव कोणी काढलं नाही. जनावरं रोज तिथंच होती, काढायचं कशाला?

मी तेव्हा गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष होतो. कसा झालो तर निवडीच्या बैठकीला मी गेलोच नव्हतो, आणि जो हजर नसतो त्याच्याच गळ्यात माळ पडते. दोन वर्षं अध्यक्ष म्हणून मी वृक्षारोपणाच्या फोटोत उभा राहिलो, याहून जास्त काही केलं नव्हतं.

नोव्हेंबरात वनपाल साहेब आले. नियमाप्रमाणे तेच समितीचे सदस्य सचिव. म्हणाले, "अध्यक्ष, हे असंच चाललं तर मार्चात डोंगरावर दगडच राहतील. काहीतरी ठरवा." मी लगेच म्हणालो, चराईबंदी करू. तोंडात तयारच होतं. हिवरे बाजार आमच्यापासून लांब नाही. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी हे शब्द आम्ही शाळेपासून ऐकत आलोय. साहेब हसले. म्हणाले, बंदी कशावर घालणार? आधी नकाशा तर बघा.

नकाशा बघितला आणि मी गार झालो. आम्ही ज्याला सरसकट 'फॉरेस्ट' म्हणतो त्यातला पायथ्याचा पट्टा फॉरेस्ट नव्हताच, गायरान होतं. त्याची मालकी वेगळी, नियम वेगळे, दाद मागायची तर कचेरीही वेगळी. वर १४० हेक्टर राखीव वन. त्यात कोणता कक्ष, म्हणजे नकाशावरचा क्रमांक दिलेला तुकडा, चराईला खुला आणि कोणता बंद हे वनखात्याच्या कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलाच्या आराखड्यात, आधीच लिहिलेलं असतं. आमच्या ३० हेक्टर रोपवनाचा कक्ष कागदावर कधीचाच बंद होता, आणि गावातली निम्मी गुरं रोज सकाळी त्याच्याच पडक्या गडग्यावरून आत जात होती. म्हणजे बंदी होतीच. ती आहे हे गुरांना माहीत नव्हतं आणि अध्यक्षालाही नव्हतं.

साहेबांनी दुसरी गोष्ट सांगितली ती मोजायची. बांबूच्या चार काठ्या बांधून एक मीटर बाय एक मीटरची चौकट करायची, ती डोंगरावर कुठंही टाकायची, आतलं गवत जमिनीपासून दोन बोटं ठेवून कापायचं, वाळवायचं आणि वजन करायचं. आम्ही चौघे तीन दिवस फिरलो. 'कुठंही टाका' म्हटलं तरी हात आपोआप हिरव्या जागेकडे जातो. म्हणून शेवटी डोळे मिटून दगड भिरकवायचा आणि तो पडेल तिथं चौकट ठेवायची असं केलं. खुल्या भागात वीस चौकटी कापल्या. कुसळी गवत जास्त, मारवेल आणि पवना ही चांगली गवतं अगदी थोडी. दुकानातल्या तराजूवर सरासरी निघाली ६० ग्रॅम. मूठभर गवत. ते हातात धरलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आपण कशावर भांडतोय.

हिशेब असा. चौरस मीटरला ६० ग्रॅम म्हणजे हेक्टरी ६०० किलो. त्यातलं निम्मं मुळाशी राहू द्यायचं, नाहीतर पुढच्या वर्षी गवत उठत नाही. उरलं ३०० किलो. खुलं रान ११० हेक्टर, म्हणजे एकूण ३३ हजार किलो. आता खाणारी तोंडं. गाईबैलाला वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडा चारा लागतो. गावठी जनावर धरून आम्ही सात किलो पकडले. शेळीला एक किलो. घरोघर फिरून मोजलं तर मोठी जनावरं १६०, शेळ्यामेंढ्या २४०. रोजचे १,३६० किलो. भागाकार केला तर उत्तर आलं चोवीस दिवस.

परत केला, तेच आलं. डिसेंबर चालू होता आणि पाऊस जूनशिवाय येणार नव्हता.

मग सहज म्हणून एकट्या शेळ्यांचा भागाकार केला. ३३ हजार भागिले २४०. १३७ दिवस. जानेवारीच्या शेवटी सुरू केलं तर जूनच्या मध्यापर्यंत पुरतंय. शिवाय शेळी निम्मं पोट बोरी-बाभळीच्या पाल्यावर भरते, ते आम्ही धरलंच नव्हतं. डोंगराची नासाडी करते म्हणून जिला पहिली हाकलायची असं मी मनात पक्कं केलं होतं, तिलाच डोंगर पोसू शकत होता. गाईला नव्हता.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत झेंडावंदन झाल्यावर विषय मांडला: खुलं रान शेळ्यांना, गाईबैलांना बंद. पहिला अर्धा तास कोणाचं काही ऐकूच आलं नाही. ज्यांच्या विहिरीला थोडं पाणी होतं आणि गोठ्यात संकरित गाई होत्या, त्यांचा आवाज मोठा होता. म्हणणं एकच: शेळी म्हणजे जंगलाची कीड, तिला मोकळीक आणि आमच्या बैलाला बंदी, हा कुठला न्याय? सरसकट चराईबंदी करा म्हणणारेही तेच होते. बरोबर आहे, सरसकट बंदीने त्यांचं काहीच जाणार नव्हतं. गावात शेळ्या कोणाकडे आहेत हे बघितलं की हे लगेच उमगतं. ज्याला जमीन नाही त्याच्याकडे शेळी असते. ते लोक मागे उभे होते, गप्प.

शेवटी त्यांच्यातल्या एक मामी बोलल्या. पंधरा शेळ्या, घरात दुसरं कमावणारं कोणी नाही. म्हणाल्या, "तुमच्या गाईला उद्या छावणी मिळंल. माझ्या शेळीला कोण दावणीला बांधून घालतंय?" त्यावर सभा शांत झाली असं लिहायला मला आवडलं असतं, पण तसं काही झालं नाही. गलका अजून वाढला. सभा वळली ती एका साध्या देवाणघेवाणीने. बंद रोपवनात अजून गवत उभं होतं. रोज दर घरी एक विळा आत जाईल, एक भारा कापून आणेल, पण जनावर आत जाणार नाही, असं मी सुचवलं. वनपाल साहेबांनी मान डोलावली. मोठ्या जनावरांचे मालक तेवढ्यावर तयार झाले. विळा कोणाच्या हातात असणार होता? घरच्या बायांच्या. आणि हात वर केले पुरुषांनी. त्या दिवशी हे माझ्या लक्षात आलं नाही. फेब्रुवारीत बायकोने आणून दिलं.

नियम जास्त केले नाहीत. चाळीस शेळ्यांमागे एक राखणारा. त्याच्या हातात काठी चालेल, फांद्या ओढायची आकडी आणि कोयता नाही, कारण झाडं शेळीच्या तोंडाने कमी आणि आकडीने जास्त मरतात. डोंगराचे तीन भाग, दर दोन आठवड्यांनी जागा बदल. घाणेरीचं झुडूप दिसलं की उपटायचं (हा नियम कोणीही पाळला नाही). आणि सगळ्यात महत्त्वाचा: पहिला पाऊस पडला की पोळ्यापर्यंत सगळीच चराई बंद, शेळ्यांसकट.

दंडाचा मुद्दा निघाला तेव्हा आमची चूक होता होता राहिली. आम्ही पावतीपुस्तक छापायला टाकणार होतो. साहेबांनी थांबवलं. वनगुन्ह्यात भरपाई घेऊन प्रकरण मिटवायचा अधिकार कायद्याने वनाधिकाऱ्याला दिलेला आहे, समितीला नाही. जनावर पकडायचंही तसंच. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम ७० सांगतं की राखीव वनात घुसलेलं जनावर १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याखाली धरून कोंडवाड्यात घालता येतं, पण ते वनाधिकारी किंवा पोलिसाने. आपण परस्पर दोर लावून नेलं तर उद्या चोरीची तक्रार आपल्यावरच. म्हणून आम्ही दंड ठेवलाच नाही. चावडीच्या फळ्यावर नाव लिहायचं आणि त्या घराचा विळा आठ दिवस बंद. विळा बंद हे दंडापेक्षा जास्त झोंबतं, हे नंतर दिसलं.

मग ठराव, नकाशा, जनावरांची यादी आणि चौकटीचे आकडे असा गठ्ठा करून वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात दिला. ठराव गावाचा असला तरी वन सरकारचं, लेखी होकाराशिवाय आमच्या कागदाला किंमत नव्हती. चार खेपा झाल्या. त्यातल्या दोन फक्त यासाठी की आम्ही कक्ष क्रमांकाऐवजी 'म्हसोबाच्या वरचा भाग' असं लिहिलं होतं. कोणी असा अर्ज करणार असेल तर एवढं ऐका: नकाशावरचा क्रमांक लिहा, म्हसोबा साहेबांना माहीत नसतो. होकार फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आला. २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा सामूहिक हक्क मागता येतो, फिरत्या पशुपालकांनाही. त्यासाठी आम्ही म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्यायला सुरुवात केली आहे, पण बिगर आदिवासींना पंचाहत्तर वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. ती फाइल वेगळी आणि तिचं रडगाणंही वेगळं.

मार्च-एप्रिल बरे गेले. मोठी जनावरं छावणीत गेली, भारे कमी पडले तरी भांडणं झाली नाहीत. मे महिन्यात बाभळीच्या शेंगा पडल्या आणि शेळ्या त्यावर अक्षरशः जगल्या. पण जूनचा मध्य आला, आमचा १३७ दिवसांचा हिशेब संपला आणि आभाळ कोरडंच. त्या वर्षी मान्सून उशिरा आला. ते पंधरा दिवस आठवले तरी पोटात कालवतं. मामींनी तीन शेळ्या बाजारात नेल्या आणि मिळेल त्या भावात दिल्या. कागदावर आमचं नियोजन चुकलं नव्हतं. त्यांच्या मात्र तीन शेळ्या गेल्या.

त्याच सुमाराला मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरलेले धनगरांचे वाडे, म्हणजे तांडे, परत फिरले. गावातली पोरं काठ्या घेऊन वेशीवर उभी. वाड्यातला म्हातारा शांतपणे म्हणाला, "आम्ही वाट मागतोय, रान नाही." दोन रात्री त्यांची मेंढरं आमच्याच माळावरच्या मोकळ्या वावरात बसवली. वावराला खत झालं, त्यांना ज्वारी दिली आणि ते गेले. यासाठी नियमात एक ओळ आधीच असायला हवी होती.

पाऊस जूनच्या शेवटी पडला आणि खरी परीक्षा तेव्हा सुरू झाली. उन्हाळ्यात वाळलं गवत खाल्लं तर मूळ जिवंत राहतं. पहिल्या पावसानंतरचा दोन बोटांचा कोंब मात्र जनावर ओढतं तेव्हा मुळासकट उपटून येतो. मी स्वतः उपटून लोकांना दाखवला. पांढरं मूळ, त्याला चिकटलेली ओली माती. पण आठ महिने उपाशी असलेल्या जनावराच्या मालकाला हिरवं दिसत असताना थांब म्हणणं फार अवघड असतं. आठव्या दिवशी बंद भागात एक कालवड सापडली. तांबडी, कपाळावर चांद. ती माझ्या चुलत्यांची होती.

मी तिला हाकत घरी आणलं. तात्या ओट्यावर बसले होते. म्हणाले, "अध्यक्षा, लिही नाव." मी फळ्यावर लिहिलं. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत आणि नवव्या दिवशी विळा घेऊन काही न बोलता रोपवनाच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. पोळ्यापर्यंत फळ्यावर आणखी चार नावं चढली, त्यात एक सरपंचांच्या भावाचं.

ऑक्टोबरात आम्ही चौकट पुन्हा काढली. पावसाने चांगला हात दिला होता, त्यामुळे सगळं श्रेय आमचं नाही. खुल्या भागात सरासरी ११० ग्रॅम भरली. ओढ्याकाठच्या तीन चौकटींत मात्र ३० ग्रॅमच्या वर काही निघेना. पाणवठ्याला जाणारी सगळी जनावरं तिथूनच जातात आणि जमीन तुडवून घट्ट झाली आहे. पुढच्या बैठकीत पहिला विषय पाणवठ्याची वाट बदलण्याचा ठेवला आहे. ती बदलली तर तात्यांच्या बांधावरून जाईल. त्यांना अजून सांगितलेलं नाही.