मांजराचा विमा: हप्ता नंतर, वगळलेलं आधी

आजचा दिवस मांजरांच्या विमा पॉलिसींची बारीक अक्षरं वाचण्यात गेला. हप्ता सगळ्यात शेवटी बघा. आधी ‘काय वगळलंय’ ते पान उघडा.

जातिवंत मांजरात खरा प्रश्न आनुवंशिक आजारांचा. मेन कून आणि रॅगडॉलमध्ये हृदयाचा स्नायू जाड होतो (एचसीएम), पर्शियनमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात (पीकेडी). स्कॉटिश फोल्डचे तर ज्या जनुकामुळे कान दुमडतात, त्यानेच सांधेही बिघडतात. म्हणजे ते गोंडस कान हेच आजाराचं लक्षण! पॉलिसीत ‘आनुवंशिक व जन्मजात आजार वगळून’ अशी एक ओळ असली, की ज्यासाठी विमा काढायचा तेच बाहेर.

दुसरी मेख ‘आधीपासूनचा आजार’. निदान झालेलं नसलं तरी डॉक्टरांच्या नोंदीत ‘हृदयात मर्मर’ (ठोक्यांमध्ये जादा आवाज) एवढे दोन शब्द असले, तर पुढचा हृदयाचा दावा अडकू शकतो. म्हणून पिल्लू लहान आणि धडधाकट असतानाच पॉलिसी घ्या. प्रतीक्षा कालावधीत (पॉलिसी घेतल्यावर दावा चालत नाही तो सुरुवातीचा काळ) दिसलेलं लक्षणही सहसा याच खात्यात जातं.

एचसीएमची औषधं एकदा लागली की बहुधा जन्मभर. आजारासाठीची रक्कम दर वर्षी नव्याने मिळते की एकदा संपली की संपली, हे लेखी विचारा. शिवाय वजावट (बिलातली आपण भरायची ठरलेली रक्कम) आणि आपला वाटा (बिलातले आपण भरायचे टक्के) कसे कापतात तेही बघा. १०,००० चं बिल, १,००० वजावट, २० टक्के वाटा: वजावट आधी कापली तर हाती ७,२००, नंतर कापली तर ७,०००.

लसी, नसबंदी बहुतेक पॉलिसींत नसतातच. दातांचं कलम मात्र वेगळं वाचा, तिथे फार गंमती असतात.