एरेशन टाकीला दोष देण्याआधी

धुळे-जळगावकडच्या सरकी तेलाच्या छोट्या रिफायनरीत ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प) बिघडला की पहिला संशय एरेशन टाकीवर जातो, म्हणजे जिथे हवा सोडून जिवाणूंकडून पाणी साफ करतात त्या टाकीवर. जिवाणू मेले, नवं कल्चर आणा, शेण टाका. घोळ बहुतेक वेळा त्याच्या आधीच, ऑइल ट्रॅपमध्ये, म्हणजे पाण्यावर तरंगणारं तेल वेगळं करणाऱ्या टाकीत झालेला असतो.

धुण्याच्या पाण्यातलं तेल सुटं नसतं. रिफायनिंगमध्ये वापरलेल्या कॉस्टिक सोड्यामुळे त्याचा साबण झालेला असतो. ते दुधाळ पाणी ट्रॅपमध्ये कितीही वेळ ठेवा, तेल वर येत नाही. आधी सल्फ्युरिक अॅसिड सोडून पीएच 3 पर्यंत उतरवा (अॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अॅसिडात कधीच नाही) आणि ढवळणं बंद करून दोन-तीन तास राहू द्या. वर फॅटी अॅसिडचा तपकिरी थर जमतो. तो पाणी गरम असतानाच काढा. जानेवारीत पहाटेच्या थंडीत हाच थर तुपासारखा थिजतो, मग पंपाने निघत नाही.

थर निघाला की चुन्याचं दूध: 100 लिटर पाण्यात 10 किलो चुना. पीएच 7 च्या आसपास आला की थांबायचं. कॉस्टिकने काम लवकर होतं, पण जरा जास्त पडलं की पीएच थेट 10 च्या वर. चुन्याची खोड वेगळी. सल्फेटशी मिळून जिप्सम होतो आणि पाइपात घट्ट बसतो. इथे पाइप टाकूच नका, उघडी नाली ठेवा. खरवडता तरी येते.

मग उरलेला गढूळपणा खाली बसवायला तुरटी. तिचा डोस अंदाजाने टाकणारे पैसेही घालवतात आणि गाळही वाढवतात. 1 लिटर पाण्यात 10 ग्रॅम तुरटी विरघळवा. एकेक लिटर सांडपाण्याच्या पाच-सहा भांड्यांत हे द्रावण 5, 10, 15, 20 मिली असं चढत्या मापाने घाला. 1 मिली म्हणजे लिटरला 10 मिलिग्रॅम. 20 मिलीला पाणी छान फुटलं, म्हणजे गाळ वेगळा होऊन पाणी निवळलं, तर रोजच्या 10 हजार लिटरला 2 किलो तुरटी लागेल.

एवढं झाल्यावर एरेशन. पाणी 38 अंशांच्या खाली आणूनच आत सोडा. जिवाणूंना लागणारं नत्र-स्फुरद तेलाच्या पाण्यात जवळपास नसतंच. रोज 10 किलो बीओडी (जिवाणू खाऊ शकतील अशा घाणीचं ऑक्सिजनच्या मागणीत मोजलेलं माप) जात असेल तर साधारण 900 ग्रॅम युरिया आणि अर्धा किलो डीएपी द्या. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 2 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका. मे महिन्यात हे जड जातं, कारण तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी मुरतो. तेव्हा दुसरा ब्लोअरही चालवा.

लिटरच्या मापात एरेशन टाकीतलं पाणी 30 मिनिटं ठेवा. गाळ 300 मिलीवर बसला आणि वरचं पाणी स्वच्छ असेल तर ठीक. खाली बसलेला गाळ तास-दीड तासाने बुडबुड्यांसकट वर आला, तर क्लॅरिफायरमध्ये (एरेशननंतर गाळ खाली बसवणाऱ्या टाकीत) तो फार वेळ पडून राहतोय. तो गाळ एरेशन टाकीत परत नेणारा रिटर्न पंप वाढवा. गाळावर चिकट पिवळट साय दिसली, तर पुन्हा ऑइल ट्रॅपकडे जा.

लाइट बराच वेळ गेली असेल तर परत आल्यावर नवं पाणी लगेच घेऊ नका. नुसता ब्लोअर चालवा आणि ऑक्सिजन पुन्हा 2 वर टिकला की मगच नवं पाणी सोडणारा फीड पंप सुरू करा.