मेल्डन ते क्रॅनमियर : डार्टमूरच्या पाण्यामागे निघणाऱ्यांसाठी

क्रॅनमियर पूल पाहायला निघणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्यावी : तेथे पाणी नाही. इंग्लंडच्या नैऋत्येस, डेव्हन परगण्यात, डार्टमूर नावाचे जे उघडेबोडके उंच पठार आहे, त्याच्या उत्तर भागात साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर, पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) काळ्या मातीत बशीसारखा एक खळगा आहे. त्यात कधीकाळी असलेले तळे केव्हाच वाहून गेले. आम्ही मुक्कामाला होतो तेथे ठेवलेल्या छापील पत्रकात मात्र मेल्डन जलाशय, क्रॅनमियर आणि परत, असा फेरा एका दिवसाची सोपी भटकंती म्हणून दिला होता. ज्याने ते पत्रक लिहिले, तो मेल्डनच्या धरणाच्या भिंतीपुढे गेला नसावा असे माझे ठाम मत झाले आहे.

मुळात डार्टमूरवर नैसर्गिक सरोवर असे जवळजवळ नाहीच. ग्रॅनाइटच्या या पठारावर पाऊस भरपूर पडतो आणि ते पाणी पायथ्याच्या शहरांना हवे होते, म्हणून टॉटिफर्ड (1861), बरेटर (1898), व्हेनफर्ड (1907), फर्नवर्दी (1942), एव्हन (1957) आणि मेल्डन (1972) अशी धरणे एकामागून एक बांधली गेली. ही सगळी पिण्याच्या पाण्याची धरणे आहेत. त्यांत पोहायला मनाई आहे आणि ती मोडण्याचा मोह होऊ देऊ नये, कारण ऐन जुलैतही काठापासून थोड्या अंतरावरचे पाणी अंग आखडून टाकण्याइतके थंड असते. मासेमारीसाठी, वय तेरा किंवा त्याहून अधिक असेल तर, सरकारी रॉड लायसन्स लागते आणि बहुतेक जलाशयांवर त्याखेरीज वेगळा परवाना घ्यावा लागतो.

मेल्डनपासून दक्षिणेकडे, वेस्ट ओकमेंट नदीच्या काठाने ब्लॅक-अ-टॉर कॉप्सपर्यंतची वाट सरळ आहे. शेवाळाने मढलेल्या खुजट ओकवृक्षांचे हे जुने जंगल पाहून तेथूनच मागे फिरलात तर दिवस उत्तम गेला असे समजा. त्यापुढे सँडी फर्ड या नदीच्या उतारापर्यंतही तक्रारीला जागा नाही.

खरी परीक्षा त्यानंतर आहे. सँडी फर्डपासून क्रॅनमियरपर्यंत सरळ रेषेत अंतर साडेतीन-चार किलोमीटर भरते, आणि त्यातला शेवटचा दीड-दोन किलोमीटरचा टप्पा कोणत्याही हिशेबात बसत नाही. सह्याद्रीत चालणाऱ्यांचा अनुभव असा की वर गेले की पाय कोरडे होतात आणि पाणी दरीत राहते. येथे नेमके उलटे आहे. माथा सपाट, खाली ग्रॅनाइट आणि वर पीटचा जाड थर, त्यामुळे पडलेले पाणी माथ्यावरच मुरून राहते आणि सर्वांत ओला भाग सर्वांत वर सापडतो. गवताचे गुडघ्याएवढे झुबके एकमेकांना खेटून उभे असतात. झुबक्यावर पाय ठेवला तर तो लचकतो, दोन झुबक्यांमध्ये ठेवला तर घोटाभर पाण्यात जातो. पुढे पीटच्या भेगा लागतात, माणसाच्या उंचीच्या काळ्या भिंती असलेल्या, तळाशी खिरीसारखा चिखल, आणि त्यातून बाहेर येताच लगेच दुसरी. एके ठिकाणी चमकदार हिरव्या शेवाळाचा सुंदर सपाट तुकडा दिसला म्हणून मी आधी काठी टोचून पाहिली, तर ती मुठीपर्यंत विनासायास आत गेली. असा हिरवा तुकडा दिसला की वळसा घ्यावा, वळसा कितीही लांबचा असो. येथे तासाला दीड किलोमीटर हा वेग मी चांगला म्हणेन.

खळग्यापाशी पोहोचल्यावर पुण्याहून आलेला माझा मावसभाऊ बराच वेळ इकडेतिकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “दादा, तळं कुठाय?” तेथे दगडी बांधणीची एक टपालपेटी आहे, आत नोंदवही आणि रबरी शिक्का. 1854 साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने येथे एक बरणी ठेवली आणि भेट देणाऱ्यांनी तीत आपली नावे ठेवून जायची प्रथा पडली. डार्टमूरभर लपवलेल्या पेट्या शोधण्याचा खेळ त्यातूनच वाढला. शिक्का मी उमटवून घेतला, हेही सांगून टाकतो, आणि त्या क्षणी इतका आनंद झाला की खालची शिफारस काहीशी सौम्य होण्याचा धोका आहे. तशी ती मी होऊ दिलेली नाही.

परतताना आल्या वाटेने जाऊ नये. क्रॅनमियरहून उत्तरेकडे सुमारे दोन किलोमीटरवर लष्कराची जुनी निरीक्षण चौकी आहे, तिला ओपी 15 म्हणतात. तेथवर वाईटच जमीन आहे, पण त्यापुढे लष्करी रस्ता थेट ओकहॅम्प्टन गावाजवळच्या छावणीपर्यंत येतो. किंबहुना ज्यांना केवळ शिक्काच हवा आहे त्यांनी जातानाही हाच मार्ग धरावा. मात्र हा सगळा मुलूख लष्कराच्या गोळीबार क्षेत्रात मोडतो. सराव असलेल्या दिवशी टेकड्यांवर लाल निशाण आणि रात्री लाल दिवे लावतात, लाल-पांढऱ्या खांबांच्या आत पाऊल टाकता येत नाही. सरावाचे वेळापत्रक आधी जाहीर होते. ते पाहिल्याशिवाय मुक्काम आरक्षित करू नये. त्या पत्रकात याचा एका अक्षरानेही उल्लेख नव्हता. जमिनीवर पडलेली कोणतीही धातूची वस्तू उचलू नये, हे वेगळे सांगायला हवे असे नाही.

मोबाइलवर विसंबू नका. धुके उतरले की समोरचा माणूस दिसत नाही. 1:25,000 प्रमाणाचा ओएल 28 हा कागदी नकाशा आणि होकायंत्र दोन्ही घ्यावे. एका जलाशयाच्या गाडीतळावरचे यंत्र नाणी घेत नव्हते, त्यावरचा फलक ॲप उतरवून घ्यायला सांगत होता आणि तेथे रेंज मुळीच नव्हती. टेकडीवर चढून पैसे भरेपर्यंत अर्धा तास गेला, वर ॲपचे सेवाशुल्क वेगळे. ॲप घरूनच उतरवून न्यावे. पायांवर गोचिडी चढतात आणि त्यांतून लाइम आजार होऊ शकतो, म्हणून पँट मोज्यांत खोचावी आणि संध्याकाळी गुडघ्यामागे तपासावे.

बरेटरभोवतीचा रस्ता आणि फर्नवर्दीचा काठ कोणालाही जमेल. बरेटरजवळच्या शीप्सटॉरच्या चर्चच्या आवारात बोर्निओ बेटावरच्या सारावाकचे गोरे राजे पुरलेले आहेत, त्यांतला पहिला, जेम्स ब्रुक, जन्मला भारतात. तेवढे पाहून यावे.

लहान मुले, गुडघेदुखी किंवा नवे बूट, यांपैकी काहीही बरोबर असेल तर क्रॅनमियर सोडून द्यावे. जायचेच असेल तर चार-पाच कोरड्या दिवसांनंतर, सकाळी लवकर जावे. गाडी नसली तरी अडत नाही : एक्झिटर ते ओकहॅम्प्टन रेल्वे नोव्हेंबर 2021 पासून पुन्हा नियमित धावते, आणि स्टेशनपासून मेल्डनच्या पुलापर्यंत ग्रॅनाइट वे या सायकलमार्गाने तासाभरात चालत जाता येते. बदलायचे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून न्यावेत. पाठीवरची पिशवीही आतून भिजते.