तापट मूल आणि सहा मात्रा

तबल्यावर बसवले की मूल शांत होते, असे मी पालकांना कधी सांगत नाही. पहिले दोन-तीन आठवडे बहुधा उलटेच घडते. 'धा', 'ना' असा तबल्याचा बोल निघत नाही, बोटे ऐकत नाहीत आणि मुळात तापट असलेले पोर आणखी तापते. शिकवता शिकवता मला उमगले ते एवढेच, की हा राग कुठून येतो ते आधी बघावे.

पुष्कळदा तो वाद्यातून येतो. तबल्याचा सूर उतरलेला असेल तर 'ना' कितीही नेटका मारा, तो बद्दच वाजणार. मोठ्यांना कारण कळते. मुलाला वाटते, आपल्यालाच जमत नाही. दमट हवेत कातडे सैल पडते, म्हणून मूल बसण्याआधी मी तबला सुरात लावून ठेवते. दुसरे कारण उंचीचे. ठेंगण्या मुलाला तबला छातीशी येतो, खांदे वर चढतात, मनगट आखडते आणि हात दुखू लागतो. बसायला घडी घातलेली जाड चादर द्या. कोपर पुडीच्या, म्हणजे तबल्याच्या कातड्याच्या, जरा वर आले की पुरे.

सुरुवात तीनतालाने, म्हणजे सोळा मात्रांच्या (ठोक्यांच्या) तालाने, करायची रीत आहे. चिडक्या मुलासाठी मी ती मोडते आणि सहा मात्रांचा दादरा घेते: धा धी ना, धा ती ना. आधी चार-पाच दिवस नुसता हातावर, पहिल्या मात्रेला टाळी, चौथीला खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा. मग तबल्यावर. कारण साधे आहे. मिनिटाला 60 मात्रांच्या लयीत दादऱ्याची सम, म्हणजे पहिली मात्रा, दर 6 सेकंदांनी येते, तीनतालाची 16 सेकंदांनी. चूक झाली की हात उचलायचा नाही, पुढची सम पकडायची, एवढाच नियम. सहा सेकंदांत पुन्हा संधी मिळते म्हटल्यावर आदळआपट करायला फुरसत कमी उरते.

रागावलेले मूल लयीत पळते. आपण "हळू, हळू" म्हणत राहिलो की भांडण आपल्याशी होते. मेट्रोनोमशी, म्हणजे ठरावीक लयीत ठोके देणाऱ्या यंत्राशी, भांडता येत नाही. सलग दोन आवर्तने (तालाच्या पूर्ण फेऱ्या) चुकली तर 60 वरून 50 वर या. न थांबता दहा आवर्तने झाली तरच 5 ने वाढवा.

सात-आठ वर्षांच्या मुलाला रोज 10 मिनिटे रियाज पुरतो. सुट्टीच्या दिवशी एकदम तासभर बसवणे म्हणजे निव्वळ छळ. भूक लागलेली असताना किंवा हातातला मोबाइल काढून घेतल्याबरोबर बसवू नका. सातव्या मिनिटाला एखादे आवर्तन सुरेख जमले तर तिथेच उठवा. शिक्षा म्हणून तबला बंद करू नका आणि शिक्षा म्हणून रियाजही लादू नका. दुसरे जास्त घातक. मारहाण, स्वतःला इजा करणे किंवा आठवडेच्या आठवडे टिकणारी उदासी असेल तर मात्र आधी डॉक्टर, तबला नंतर.

पहिला बदल स्वभावात शोधाल तर निराश व्हाल. तो चुकल्यानंतरच्या क्षणात दिसतो: पूर्वी पुडीवर थाप बसायची, आता हात थांबत नाही. हे तबल्यापुरतेच राहू नये म्हणून घरी, गणित अडल्यावर वगैरे, "आधी ठाय" (म्हणजे आधी संथ लयीत) इतकेच म्हणावे. तेही क्वचित. दिवसातून चार वेळा ऐकले की मूल त्या शब्दावरही चिडते.