रीफ टँकमधला लाल थर आणि शून्याचा हट्ट

वाळूवर आणि खडकांवर पसरणारा मखमली, लालसर-जांभळा थर रीफ टँक (प्रवाळांचे खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय) ठेवणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला कधी ना कधी येतो. दिवे लागल्यावर काही तासांत तो दाट होतो, त्यात प्राणवायूचे बारीक बुडबुडे अडकतात आणि रात्रभराच्या अंधारानंतर पाहिले तर वाळू बरीच स्वच्छ दिसते. दिसायला शेवाळासारखा असला तरी हा थर सायनोबॅक्टेरियांचा (थोडक्यात सायनो), म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूंचा असतो. त्यामुळे शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणि हर्मिट खेकडे वाढवून सहसा काही साधत नाही.

उपाय करण्यापूर्वी ओळख पक्की असावी, कारण डायनोफ्लॅजेलेट्स (डायनो) या एकपेशीय जीवांचा तपकिरी, चिकट, तारा सुटणारा थर अनेकदा सायनो समजला जातो. सायनोचा पापुद्रा सलग सुटून येतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे तंतू दिसतात, तर डायनोच्या पेशी सुट्या असून बहुधा हालचाल करताना दिसतात. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण नायट्रेट आणि फॉस्फेट ही दोन्ही पोषकद्रव्ये शून्याजवळ गेलेल्या टँकमध्ये डायनो बळावतात आणि तिथे पाणी आणखी ‘स्वच्छ’ करण्याचा प्रयत्न नेमका उलटा पडतो.

सायनोच्या बाबतीतही नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणण्याचा हट्ट घातकच आहे, असे माझे ठाम मत आहे. सायनोबॅक्टेरियांच्या काही जाती पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू थेट वापरू शकतात. म्हणून नायट्रेट संपलेले आणि फॉस्फेट शिल्लक असलेले पाणी म्हणजे त्यांच्यासाठी प्रतिस्पर्धी नसलेले मोकळे रान. शिवाय थर स्वतःच पोषकद्रव्ये शोषत असल्यामुळे चाचणीत शून्य आले म्हणजे टँकमध्ये काही नाही, असे होत नाही. मी नायट्रेट लिटरमागे 5 ते 10 मिलिग्रॅम आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 मिलिग्रॅम या टप्प्यात स्थिर ठेवणे पसंत करतो. फॉस्फेट जास्त असेल तर फॉस्फेट शोषणाऱ्या लोहयुक्त गाळण-माध्यमाने ते हळूहळू उतरवावे. एकदम घसरले तर त्याचा फटका सायनोपेक्षा प्रवाळांना आधी बसतो.

थर काढण्याची योग्य वेळ तो सर्वांत दाट असताना, म्हणजे दिवे मालवण्यापूर्वीची. पंप बंद करून बारीक नळीने सायफन करावे, म्हणजे तुकडे टँकभर उडत नाहीत. या निमित्ताने दहा-पंधरा टक्के पाणी बदलले जाते. नवे पाणी आरओडीआय गाळणीचे, मीठ मिसळण्यापूर्वी टीडीएस (विरघळलेले एकूण घटक) शून्य असलेले आणि मीठ मिसळल्यावर क्षारता हजारी 35 भाग असलेले असावे. शून्याचा आग्रह धरायचा तर तो इथे. त्यानंतर वेव्हमेकरची (प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाची) दिशा बदलून, खडकांमागे जिथे गाळ साचतो तिथवर प्रवाह पोहोचवावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते अनेक आठवडे करावे लागते, पण माझा सर्वाधिक विश्वास यावरच आहे.

व्होडका किंवा व्हिनेगरच्या रूपाने कार्बन देऊन उपयुक्त जीवाणू वाढवायचे आणि त्यांनी शोषलेली पोषकद्रव्ये स्किमरमधून (फेसासोबत घाण बाहेर काढणाऱ्या उपकरणातून) बाहेर काढायची, ही पद्धत उपयोगी आहे, मात्र मात्रा अगदी सावकाश वाढवावी लागते. घाई झाली तर पाणी दुधाळ होते आणि जीवाणू एवढा प्राणवायू ओढतात की प्रकाशसंश्लेषण थांबलेल्या रात्रीच्या वेळी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. अशा वेळी कार्बन ताबडतोब थांबवावा, स्किमर पूर्ण क्षमतेने चालवावा आणि पृष्ठभाग खळबळता ठेवावा. यूव्ही दिव्याने हे तरंगते जीवाणू कमी होतात. वाळूला चिकटलेल्या थरापर्यंत मात्र त्याचा प्रभाव पोहोचत नाही.

एरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकांना मी अगदी शेवटी जागा देतो. त्यांनी थर मरतो, पण त्याला पोसणारे कारण तसेच राहते. मेलेला थर कुजताना प्राणवायू खातो आणि पोषकद्रव्ये पुन्हा पाण्यात सोडतो. वापरायचेच ठरले तर आधी हाताने शक्य तेवढा थर काढावा, गाळणीतला सक्रिय कार्बन (कोळसा) बाजूला ठेवावा, हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन अखंड चालू ठेवावा आणि मुदत संपताच मोठा पाणीबदल करावा.