ऑनलाइन पोकर: पहिल्या 10,000 डावांची वही

आधी पैशांचं बोलू. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि भारतातल्या साइटवरची पैशांची टेबलं उठली. पुण्या-नाशकात बसून खेळायचं तर आता फुकटच्या चिप्सवरच. व्हीपीएन लावून परदेशी साइटवर पैसे टाकायच्या भानगडीत पडू नका. खातं गोठलं तर दाद मागायला दार नाही. खालचे सेंटांचे हिशोब न्यू जर्सीसारख्या, परवाना असलेल्या ठिकाणी राहणाऱ्या मंडळींसाठी. इथल्यांनी तेच आकडे चिप्सना लावावेत, गणित बदलत नाही.

डाव 1 ते 500: फुकटच्या चिप्स

तीन पत्तीतून आलेल्यांची हमखास गफलत इथे होते. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर. पोकरमध्ये कलर, म्हणजे फ्लश, सिक्वेन्सच्या वर. 'ब्लाइंड' म्हणजेही न बघता खेळणं नव्हे. डीलरच्या डावीकडच्या दोघांनी पानं बघण्याआधी सक्तीने लावायची ती रक्कम. खेळ टेक्सास होल्डेम: हातात दोन पानं, आणि बोर्डावर सगळ्यांसाठी उघडी पाच, आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं (रिव्हर). पडद्यावरची बटणं, घड्याळ, बोर्ड वाचणं एवढं बसलं की पुरे. फुकट टेबलावर कुणी पॅक होत नाही, त्यामुळे ब्लफ शिकायची ही जागा नव्हे.

500 ते 3,000: फ्लॉपच्या आधी

1 आणि 2 सेंटचे ब्लाइंड, सहा जणांचं टेबल, बाय-इन (टेबलावर घेऊन बसायची रक्कम) 2 डॉलर म्हणजे 100 बिग ब्लाइंड (मोठा, 2 सेंटचा). खात्यात असे 30 बाय-इन, 60 डॉलर, आणि ते बुडाले तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही असे. एका बैठकीत 3 बाय-इन गेले की टेबल सोडायचं.

खेळायचंच असेल तर रेझ करून (रक्कम वाढवून) आत या, 6 सेंटने. आधी कुणी नुसता कॉल करून (तेवढीच रक्कम भरून) बसला असेल तर प्रत्येकामागे 2 सेंट वाढवा. सगळे तिथेच पॅक झाले तर ब्लाइंड आपले, आणि बहुतेक साइटवर फ्लॉप निघाला नाही की रेकही (साइटचा वाटा) कापत नाहीत. ब्लाइंडनंतरच्या पहिल्या जागेवरून साधारण 15 टक्के पानं, बटणावरून (डीलरच्या जागेवरून) 40 पर्यंत.

नवशिक्याला सगळ्यात महाग पडतात ती एक्का-सात वेगवेगळ्या रंगाची. एक्का येतो, जोडी बनते, समोरचा तीन वेळा पैसे देतो आणि शेवटी त्याच्याकडे एक्का-राणी निघते. लहान जोडीचं दुखणं वेगळं: फ्लॉपवर त्याच आकड्याचं तिसरं पान साडेआठ वेळांत एकदाच लागतं. म्हणून कॉलच्या निदान 15 पट रक्कम समोरच्याकडे शिल्लक असेल तरच आत शिरा.

3,000 ते 6,000: पॉट ऑड्स

पॉट ऑड्स म्हणजे कॉलची रक्कम आणि पॉट (मधे जमलेले पैसे) यांचं प्रमाण. इथे वही खरी भरते. एक डाव पूर्ण मांडू.

आपण बटणावर, हातात बदामचे गुलाम-दहा. समोरच्याने 6 सेंट केले, आपण कॉल, दोन्ही ब्लाइंड पॅक. पॉट 15 सेंट. फ्लॉप: इस्पिक एक्का, बदाम सहा, बदाम दोन. तो 10 लावतो. आपले 10 धरून पॉट होईल 35, म्हणजे जिंकायची शक्यता हवी 10 भागिले 35, 28.6 टक्के. पाचव्या बदामाने फ्लश बनतो; 13 बदामांपैकी 4 दिसले, 9 शिल्लक. 'नऊ चोक छत्तीस' (पानांना 4 ने गुणलं की टक्के, असा ढोबळ नियम) म्हणून खूश होऊन कॉल मारणं ही सगळ्यांची चूक. ते छत्तीस टर्न आणि रिव्हर दोन्ही याच एका कॉलमध्ये बघायला मिळाली तरच. पुढच्या एका पानाचे फक्त 19. तरी हा कॉल चालतो, कारण बदाम आल्यावर सरासरी 18-एक सेंट आणखी वसूल झाले की हिशोब जुळतो, आणि त्याच्याकडे 184 पडलेले आहेत.

टर्नला किलवर चार. पॉट 35, तो 30 लावतो. आता हवेत 31.6 टक्के, आहेत 19.6. तूट भरायला रिव्हरवर सरासरी 58 सेंट काढावे लागतील, आणि तिसरं बदाम बोर्डावर दिसल्यावर एवढं देणारा विरळा. पॅक. 'इतके घातलेत, आता बघूनच जाऊ' इथेच बाय-इन जातात. घातलेले पैसे पॉटचे झाले.

पाठ करायला एवढंच: अर्ध्या पॉटच्या बेटला 25 टक्के, पूर्ण पॉटला 33.

6,000 ते 10,000: आकडे

ट्रॅकर (डावांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) असेल तर दोन रकाने बघा. स्वतःहून पैसे घातलेले डाव 22 ते 25 टक्के, फ्लॉपआधी रेझ केलेले 18 ते 20, दोन्ही एकूण डावांपैकी. पहिला 35 आणि दुसरा 8 असेल तर कॉल करायची खोड आहे, बाकी काही तपासू नका.

खात्यातली रक्कम मात्र इथे काहीच सांगत नाही. सहा जणांच्या टेबलावर दर 100 डावांमागे चढउतार 90 बिग ब्लाइंडच्या आसपास धरतात. 10,000 डावांत (डाव 100 पट, चढउतार त्याच्या वर्गमूळाइतका, 10 पट) तो 900 होतो, म्हणजे 9 बाय-इन. बरा खेळाडू उणे 5 वर असू शकतो आणि अगदी कच्चा अधिक 6 वर. दुसऱ्याची अवस्था जास्त वाईट, कारण तो लगेच 2 आणि 5 सेंटच्या टेबलावर जाऊन बसतो.

म्हणून दर बैठकीनंतर वहीत तीनच गोष्टी: डाव किती, अडलेले दोन डाव टक्क्यांसकट, आणि हरल्याच्या रागात केलेले कॉल किती. तिसरा रकाना सलग दहा बैठका शून्य राहिला की दुसरं टेबल उघडायला हरकत नाही.