तुम्ही विचारलंत म्हणून: सिनेटमध्ये दिवसभर करतात तरी काय?

नागपूरला हिवाळी अधिवेशन सुरू झालं आणि टीव्हीवर कुणी कागद फाडून भिरकावताना दिसलं की साताऱ्याहून आत्याचा व्हॉट्सॲप कॉल येतोच. "तुमच्याकडे पण असाच गोंधळ घालतात का गं?" मी ऑस्टिनला राहते, टेक्सासच्या राजधानीत, त्यामुळे नातेवाइकांच्या हिशेबात मी इथल्या विधिमंडळाची अधिकृत प्रवक्ती. आत्या सोडा, पुण्याच्या मैत्रिणी विचारतात, नवऱ्याचे मित्र विचारतात, आणि बरीच वर्षं मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, की छे गं, इकडे सगळं शांतपणे चालतं. खरं म्हणजे मी स्वतः एकदाही आत जाऊन बसले नव्हते. बाहेरच्या हिरवळीवर मुलांचे फोटो काढलेत, बास.

मग 2023 च्या मे महिन्यात बाबा आले. बाबा जिल्हा परिषदेतून रिटायर झालेले, आयुष्यभर सभांची इतिवृत्तं लिहिली, त्यामुळे ॲक्वेरियम नको, मॉल नको, "तुमची ती विधानसभा दाखव" म्हणाले. म्हटलं चला, आणि नशीब बघा, सेशन चालू होतं. नशीब अशासाठी म्हणते की टेक्सासचं विधिमंडळ नियमित बसतं ते फक्त विषम वर्षांत, जानेवारीतल्या दुसऱ्या मंगळवारपासून जास्तीत जास्त 140 दिवस, आणि तेवढ्यात दोन वर्षांचं बजेट करून घरी. मधे काही लागलंच तर गव्हर्नर विशेष अधिवेशन बोलावतो. बाबा म्हणाले, आणि उरलेले दिवस? उरलेले दिवस आपापला धंदा, वकिली, शेती. पगार महिन्याला 600 डॉलर, भत्ता वेगळा. बाबांनी मनातल्या मनात रुपये केले आणि "यापेक्षा माझी पेन्शन बरी" असं काहीतरी पुटपुटले.

सिनेट म्हणजे इथल्या विधिमंडळाचं वरचं सभागृह, आपल्या विधान परिषदेसारखं. ते दुसऱ्या मजल्यावर, आणि आपण बसायचं ते तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. पास नको, आमदाराची चिठ्ठी नको, सिक्युरिटीतून गेलं की झालं. खाली लाकडी डेस्क, मागच्या भिंतीवर अलामोच्या लढाईचं केवढं तरी मोठं तैलचित्र, आणि सदस्य फक्त 31. विधान परिषदेत 78 आहेत, म्हणून बाबांना वाटलं हे काहीतरी छोटं प्रकरण असणार. पण 2020 च्या जनगणनेने टेक्सासची लोकसंख्या 2 कोटी 91 लाख, भागिले 31, म्हणजे एका सिनेटरमागे साडेनऊ लाखाच्या आसपास माणसं, वॉशिंग्टनला जाणाऱ्या इथल्या खासदाराच्या मतदारसंघापेक्षा मोठा मतदारसंघ. आणि निवडणूक थेट, इथे पदवीधर, शिक्षक, राज्यपालनियुक्त असले प्रकार नाहीत.

हातोडा वाजला, हजेरी झाली, गणपूर्ती आहे म्हणाले, एका पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हटली, ध्वजाला शपथ झाली. मग एका सिनेटरने उठून सांगितलं की कालच्या कामकाजाची नोंद वाचायची गरज नाही असं ठरवावं, आणि ठरलं. बाबांनी माझं मनगट धरलं. "अगं, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे! विषय क्रमांक एक!" एवढा आनंद त्यांना नायगारा बघूनही झाला नव्हता. चाळीस वर्षं तेही ते वाचायचे नाहीत, वाचलं असं समजायचे.

त्यानंतर 'आजचे डॉक्टर' म्हणून एकांची ओळख करून दिली. रोज एक डॉक्टर फुकट ड्यूटीला येतो, कुणाला बीपीचा त्रास झाला तर असावा म्हणून, ही आयडिया आपल्याकडे लगेच उचलावी असं माझं स्पष्ट मत आहे. मग अभिनंदनाचे ठराव. कुठल्या शाळेची टीम जिंकली, कोण इतक्या वर्षांनी रिटायर झालं, ती मंडळी गॅलरीत उभी राहतात, टाळ्या, खाली जाऊन फोटो. हे बराच वेळ चाललं आणि खरं सांगते, मला जांभया यायला लागल्या.

आणि मग बिलं सुरू झाली, ती इतक्या वेगात की मला कळेचना की एक संपून दुसरं कधी लागलं. सिनेटर उठतो, नेहमीचा क्रम बाजूला ठेवून माझं बिल घ्या म्हणतो, दोन वाक्यांत बिल सांगतो, सेक्रेटरी मतं घेते, पुढचं. इथे मतदानाचं बटण नाही, सिनेटर हात वर करून बोटं दाखवतात, एक बोट म्हणजे हो, दोन बोटं म्हणजे नाही. कुणी फोनवर बोलत, कुणी शेजारच्याच्या कानाला लागलेला, आणि एक बोट मात्र हवेत. बाबा म्हणाले, आमच्या शाळेत एक बोट म्हणजे वेगळंच काहीतरी होतं.

पण 'क्रम बाजूला ठेवून' ही भानगड काय ते घरी येऊन वाचलं, आणि माझ्या मते अख्ख्या सिनेटची किल्ली तिथेच आहे. नियमाप्रमाणे बिलं रांगेने घ्यायची. तर सेशनच्या सुरुवातीलाच रांगेत पहिलं एक असं बिल लावून ठेवतात जे कधी मंजूर करायचंच नसतं, बागा सुशोभित करण्याचं वगैरे. त्याला म्हणतातच ब्लॉकर बिल. ते दारात आडवं पडलेलं असल्यामुळे मागच्या प्रत्येक बिलाला रांग मोडायची परवानगी मागावी लागते, आणि ती परवानगी साध्या बहुमताने मिळत नाही. पूर्वी दोन तृतीयांश लागायचं, म्हणजे 21 मतं, म्हणून अल्पमतातल्या पक्षाची 11 माणसं एक झाली की बिल दारातच अडायचं. 2015 साली डॅन पॅट्रिक लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे सिनेटचे सभापती समजा, झाले आणि ती अट 19 वर आली, तेव्हा बहुमतातल्या रिपब्लिकन पक्षाचे सिनेटर 20 होते. 2021 मध्ये रिपब्लिकन 18 उरले, तर अट पण 18 वर आली. बाबा एवढंच म्हणाले, "शिंपी हुशार आहे."

हे लेफ्टनंट गव्हर्नर सिनेटने निवडलेले नाहीत, राज्यभरातून थेट लोकांनी निवडून दिलेले. कमिट्यांवर कोण, कुठलं बिल कुठल्या कमिटीकडे, सभागृहात बोलायला कुणाला आधी द्यायचं, सगळं त्यांच्या हातात. त्यामुळे भांडण व्हायचं ते आधीच, बंद दारामागे झालेलं असतं, आणि गॅलरीतून आपल्याला दिसते ती फक्त शांतता. आत्याला मी जी कौतुकाने सांगायचे ती.

अजून एक. टेक्सासच्या घटनेत लिहिलंय की बिलाचं वाचन तीन वेगवेगळ्या दिवशी झालं पाहिजे, म्हणजे लोकांना रात्री झोपून विचार करता यावा. पण चार पंचमांश मतांनी ती अट बाजूला ठेवता येते, आणि ती सर्रास ठेवतात, दुसरं वाचन झालं की मिनिटभरात तिसरं. जेफ वेंटवर्थ नावाचे एक सिनेटर होते, 2013 पर्यंत, ते स्वतः रिपब्लिकन, पण बिल कितीही आवडतं असलं तरी ही अट मोडायला ते विरोधात मत द्यायचे आणि कारण लेखी नोंदवायचे. बाकी सगळे एकीकडे, हे एकटे दुसरीकडे, असं पुन्हा पुन्हा. बाबांना हा माणूस फार आवडला, कारण त्यांच्या मते प्रत्येक सभेत असा एक तरी खवट पाहिजे, लिहिणाऱ्याला बरं पडतं.

आता गोंधळ. तर होतो आत्या, होतो, रोज नाही पण होतो तेव्हा दणकून होतो. 25 जून 2013 ला वेंडी डेव्हिस या सिनेटर गुलाबी बूट घालून गर्भपातावर बंधनं आणणाऱ्या बिलाविरुद्ध सुमारे 11 तास उभ्या राहून बोलल्या. बसायचं नाही, टेकायचं नाही, खायचं-प्यायचं नाही, बाथरूमला जायचं नाही आणि विषय सोडायचा नाही. मधे एका सहकाऱ्याने कमरेचा पट्टा बांधायला मदत केली तर तोही नियमभंग धरला. शेवटी त्यांना थांबवलं, तेव्हा गॅलरीतल्या लोकांनी असा आरडाओरडा केला की मध्यरात्रीच्या आत मतदान पुरं होईना, आणि अधिवेशनाची मुदतच संपली. बिल त्या रात्री मेलं, जुलैमध्ये नवीन विशेष अधिवेशन बोलावून पास केलं ते वेगळं.

आणि पळून जाणं. हे ऐकून आत्या खुर्चीतून उठलीच असणार. गणपूर्तीला 21 लागतात ना, म्हणून 1979 मध्ये 12 सिनेटर गायबच झाले, त्यातले बहुतेक ऑस्टिनमधल्याच एका गॅरेजवरच्या खोलीत लपून बसले चार-पाच दिवस. त्यांना पकडायला टेक्सास रेंजर्स सोडले, आणि रेंजर्सनी जीन जोन्स या सिनेटरऐवजी त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या भावाला उचलून आणलं! 2003 मध्ये 11 जण तर सरळ शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्कीला जाऊन महिनाभराहून जास्त राहिले. "म्हणजे यांची पण गुवाहाटी!" बाबा. फरक इतकाच की यांना सरकार पाडायचं नव्हतं, मतदारसंघांची फेररचना अडवायची होती, आणि ती शेवटी अडली नाहीच.

त्या दिवशी आम्ही बसलो तेव्हा यातलं काहीच झालं नाही. कुणाचा आवाज चढला नाही, दुपारपर्यंत किती बिलं गेली ते मोजायचं मी सोडून दिलं, बाबा मात्र माझ्या पर्समधल्या किराणाच्या पावतीमागे काहीतरी टिपत होते, बिलाचा नंबर, सूचक, हो किती, नाही किती. सवय, दुसरं काय. ती पावती त्यांनी घडी करून पासपोर्टात ठेवली.

रात्री आत्याचा कॉल आला, मी फोन बाबांच्या हातात दिला. तिने पहिलंच विचारलं, "काय रे, राजदंड पळवला का कुणी?"

"राजदंड काय दिसला नाही," बाबा म्हणाले. "लाकडी हातोडा होता. आणि तो त्या माणसाने हातातून सोडला नाही."